बिघडलेली पोरं, विसरलेले सिनेमे

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कँटीनमध्ये एका बातमीवरून वाद पेटला. बातमी नेहमीचीच. मुलगा सतरा वर्षांचा, गुन्हा मोठ्या माणसाला शोभेलसा. (म्हणजे न शोभेलसा.) टेबलावरच्या सहा जणांचे पाच मिनिटांत दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, "सतराचा आहे म्हणून काय झालं? करताना कळत होतं ना? मग मोठ्यांसारखाच आत टाका." दुसरा म्हणाला, "अरे पोरगा आहे तो. आईबापाला धरा, त्या मोबाईलला धरा, सिस्टीमला धरा." डबे धुवून होईपर्यंत कोणी आपली जागा सोडली नाही, आणि मग सगळे आपापल्या मीटिंगला पळाले.

मी गप्प होतो. शहाणा आहे म्हणून नव्हे. गेले पाच-सहा वीकेंड मी १९४९ ते १९६१ या काळातले काही कृष्णधवल गुन्हेगारीपट पाहतोय, सगळे बिघडलेल्या पोरांवरचे. त्यात हाच वाद सत्तर वर्षांपूर्वी होऊन गेलाय, आणि आमच्या टेबलापेक्षा बराच नीट झालाय. आजच्या लेखाचा मुद्दा तेवढाच. हे सिनेमे विसरले गेलेत, विसरायला नको होते, आणि आपल्याला आत्ता त्यांची गरज आहे.

'रेबेल विदाउट अ कॉज' (१९५५) तुम्ही पाहिला नसला तरी तुम्हाला माहीत आहे. जेम्स डीन, लाल जॅकेट, कड्याच्या टोकापर्यंत गाड्या पळवायची शर्यत. सिनेमा चांगलाच आहे, वाद नाही. पण त्या एका लाल जॅकेटने बाकीच्यांचा सगळा उजेड अडवला. 'रेबेल' रंगीत, सिनेमास्कोपमध्ये, वॉर्नर ब्रदर्सचा. आणि तो थिएटरात लागायच्या महिनाभर आधी डीन अपघातात गेला. त्यानंतर तो नुसता सिनेमा राहिलाच नाही, देवघर झालं. त्याच विषयावरचे कमी पैशांतले, साधे दिसणारे, भाषण ठोकणारे सिनेमे मग 'त्या काळचे प्रॉब्लेम पिक्चर' म्हणून अडगळीत गेले.

थोडी पार्श्वभूमी. युद्ध संपल्यावर अमेरिकेत पोरं बिघडल्याची जबरदस्त घबराट पसरली होती. सिनेटने १९५३ साली बालगुन्हेगारीची चौकशी करायला एक उपसमिती नेमली. तिने १९५४ मध्ये कॉमिक्सना उभं केलं, कारण फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्स वाचून मुलं गुन्हेगार होतात असं पुस्तकच लिहिलं होतं. त्याच वर्षी घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. १९५५ मध्ये सिनेटर केफॉव्हर अध्यक्ष असताना समिती लॉस एंजेलिसला आली आणि सिनेमावाल्यांची झडती झाली. तेव्हा कॉमिक्स आणि रॉक अँड रोल, २०२० मध्ये आपल्याकडे पब्जी, आता रील्स. आरोपी बदलतो, आरोपपत्राचा मसुदा तोच.

'ब्लॅकबोर्ड जंगल' (१९५५) याच गदारोळातला. तो व्हेनिसच्या महोत्सवातून काढून घ्यावा लागला, कारण इटलीतल्या अमेरिकन राजदूत क्लेअर बूथ लूस यांना तो देशाची बदनामी करणारा वाटला. पण तोही फार विसरला गेलेला नाही. मला बोलायचंय त्याच्या मागच्या रांगेतल्या पोरांबद्दल.

सुरुवात 'नॉक ऑन एनी डोअर' (१९४९) पासून करू. दिग्दर्शक निकोलस रे, म्हणजे 'रेबेल'वालाच, पण सहा वर्षं आधी. विलर्ड मॉटलीच्या कादंबरीवर बेतलेला. शिकागोच्या गलिच्छ वस्तीतल्या निक रोमानोवर पोलिसाच्या खुनाचा खटला चालू आहे आणि हंफ्री बोगार्ट त्याचा वकील आहे. बोगार्ट ज्युरीला निकची सगळी कहाणी सांगतो. बाप गेला, वस्ती वाईट, सुधारगृहात सुधारणा सोडून सगळं झालं. प्रेक्षक म्हणून आपण मान डोलवत जातो. पोरगा देखणा आहे, वकील बोगार्ट आहे, म्हणजे हा निर्दोषच असणार.

आणि मग उलटतपासणीत सरकारी वकील त्याच्या मेलेल्या बायकोचा विषय काढतो, निक कोसळतो आणि कबूल करतो की खून मीच केला.

इथे सिनेमा थांबला असता तर तो एक ट्विस्ट झाला असता. पण बोगार्टचं मुख्य भाषण यानंतर येतं. अशिलाने कबुली दिल्यानंतर तो शिक्षेबद्दल बोलायला उभा राहतो आणि म्हणतो की याला घडवण्यात आपल्या सगळ्यांचा हात आहे. न्यायाधीश ऐकून घेतात आणि मृत्युदंड देतात. मला भाषण आवडलं, पटलं मात्र अर्धंच. 'समाज दोषी आहे' या वाक्यात एक सोय आहे. सगळे दोषी म्हटलं की कोणालाच घरी जाऊन काही वेगळं करावं लागत नाही. पण रेने एक अवघड काम केलं. तो आपल्याला निर्दोष पोराबद्दल कळवळा मागत नाही. निर्दोष पोराबद्दल कोणालाही वाटेल. तो खरोखर खून केलेल्या पोराकडे बघायला लावतो.

(आपल्या 'आवारा'ची इथे आठवण होतेच. के. ए. अब्बास आणि व्ही. पी. साठे यांची कथा, १९५१. चोराचा मुलगा चोरच होणार, असं मानणारा जज्ज आणि त्याचाच मुलगा कटघऱ्यात. प्रश्न तोच होता. पण आपण थिएटरातून बाहेर पडलो ते गाणी गुणगुणत.)

दुसरा सिनेमा 'क्राइम इन द स्ट्रीट्स' (१९५६). लेखक रेजिनल्ड रोझ. नाव ओळखीचं वाटत नसेल तर दुसऱ्या बाजूने सांगतो. 'एक रुका हुआ फैसला' पाहिलाय ना? बासू चटर्जींचा, १९८६ चा? तो ज्या 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'वरून घेतलाय, तो याच रोझचा. तिथेही आरोपी एक कोवळा पोरगाच आहे, पण तो आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. बारा माणसं खोलीत बसून त्याच्याबद्दल बोलतात. 'क्राइम इन द स्ट्रीट्स'मध्ये रोझने उलटं केलंय. मोठी माणसं बाजूला आणि पोरं समोर. आधी हे १९५५ साली सिडनी ल्यूमेटने टीव्हीवर केलं होतं, मग डॉन सीगलने सिनेमा केला.

गोष्ट एवढीशी. गल्लीतला एक मध्यमवयीन माणूस टोळीतल्या एका पोराबद्दल पोलिसांना सांगतो आणि तो पोरगा आत जातो. टोळीचा म्होरक्या फ्रँकी त्या माणसाला दमात घ्यायला जातो, तर तो फ्रँकीच्या कानाखाली वाजवतो. सगळ्यांसमोर. फ्रँकी ठरवतो, याला मारायचा. म्हणजे खरंच मारायचा. फ्रँकीचं काम केलंय जॉन कॅसाव्हेट्सने, जो नंतर स्वतः मोठा दिग्दर्शक झाला.

आता लक्ष द्या. फ्रँकी टोळीला विचारतो तेव्हा बहुतेक पोरं सरळ नाही म्हणतात. मारामारी ठीक, खून नको. तयार होतात फक्त दोघं. एक ल्यू, ज्याला या कल्पनेचीच मजा वाटते. दुसरा 'बेबी', पंधरा वर्षांचा, ज्याला खून वगैरे काही नकोय, फ्रँकीने आपल्याला मोठं समजावं एवढंच हवंय. (हा साल मिनिओ, 'रेबेल'मधला प्लेटो.) तीन पोरं, एकच कट, आणि तिघांची कारणं तीन. कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ त्याच एका रस्त्यावर आणि त्याच दोन-तीन खोल्यांत आहे. खून व्हायच्या आधीचे काही दिवस, आणि ते थांबवता येतील का, एवढाच प्रश्न.

थांबवायचं काम एका समाजसेवकाकडे आहे, जेम्स व्हिटमोरने केलेला बेन वॅग्नर. मला आवडलं ते हे की तो काही जादू करत नाही. त्याचं बोलणं फ्रँकीला टोचतं, पण फ्रँकी बदलत नाही. फ्रँकीला कोणी अंगाला हात लावलेलाही सहन होत नाही. आई दिवसभर राबून थकलेली, तिचं ऐकायची त्याची तयारी नाही आणि सांगायची तिची ताकद उरलेली नाही. शेवटी त्या गल्लीत मध्ये येतो तो फ्रँकीचा लहान भाऊ. चाकू त्याच्या गळ्याला लागतो, आणि तिथे फ्रँकीचा हात अडखळतो. मग तो वॅग्नरबरोबर पोलिसांकडे चालत जातो. शेवट थोडा गोड आहे, मान्य. पण समाजसेवकाने काय केलं विचाराल तर तो रोज तिथे होता, एवढंच केलं. ज्या क्षणी पोराला कोणाबरोबर तरी चालत जायचं होतं त्या क्षणी हा हजर होता. याचं डॅशबोर्डवर मोजमाप होत नाही.

तिसरा 'द यंग स्ट्रेंजर' (१९५७). जॉन फ्रँकनहायमरचा पहिला सिनेमा, तेव्हा तो पंचविशी नुकती ओलांडलेला. यात झोपडपट्टी नाही. हॅल एका श्रीमंत सिनेनिर्मात्याचा मुलगा. थिएटरात पुढच्या खुर्चीवर पाय टाकून बसतो, उद्धटपणा करतो, बाहेर काढला जातो. मॅनेजर त्याला पकडून ठेवतो आणि हॅल त्याला एक ठोसा मारतो. झालं. एवढाच गुन्हा. हॅल सांगतो की मी स्वतःला सोडवायला मारलं. कोणी विश्वास ठेवत नाही. वडील ओळख वापरून तक्रार मागे घ्यायला लावतात आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपतो.

हॅलच्या दृष्टीने विषय तिथेच सुरू होतो. त्याला सुटका नको आहे, वडिलांनी 'तू खरं बोलतोयस' एवढं म्हणायला हवंय. वडिलांनी केस मिटवली, पण काय घडलं ते विचारलंच नाही. तो पुन्हा त्या मॅनेजरकडे जातो, 'बाबांना खरं काय ते सांगा' म्हणून, आणि पुन्हा हात उचलून बसतो. सगळ्यांनाच वाटतं, बघा, सांगत होतो ना, पोरगा वायाच गेलाय. खरं शोधतो तो पोलीस सार्जंट, ज्याला सुरुवातीला हा पोरगा डोक्यात गेलेला असतो.

मी हा सिनेमा पाहताना दोनदा थांबवला. ठोसा ते खून हे अंतर मोठं आहे, कळतं. पण पैसा आणि ओळख वापरून मुलाला 'सोडवणारा' बाप त्याला नेमकं काय शिकवतो, हे इतक्या साध्या गोष्टीत कोणी सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं. तो शिकवतो की काय घडलं हे महत्त्वाचं नाही, काय मिटवता येतं ते महत्त्वाचं.

चौथा ब्रिटनमधला, 'व्हायोलंट प्लेग्राउंड' (१९५८). दिग्दर्शक बेसिल डिअर्डन. लिव्हरपूलच्या पोलिसांनी १९४९ मध्ये एक योजना सुरू केली होती. पहिलीवहिली बारीकसारीक चोरी करणाऱ्या मुलांना कोर्टात न नेता एका खास अधिकाऱ्याने त्यांच्या घरी, शाळेत जाऊन लक्ष ठेवायचं. सिनेमातला सार्जंट ट्रूमन (स्टॅनली बेकर) जाळपोळीच्या तपासावरून उचलून या कामावर टाकला जातो. बाकीचे पोलीस त्याची आया म्हणून टर उडवतात. दोन छोट्या जुळ्यांच्या मागे लागून तो त्यांच्या घरी पोचतो. शूटिंग खऱ्या जेरार्ड गार्डन्स नावाच्या चाळवजा इमारतींत झालंय. तिथे त्याला भेटतो त्यांचा मोठा भाऊ जॉनी. हा डेव्हिड मॅकॉलम, 'एनसीआयएस' बघणाऱ्यांना म्हातारा डॉक्टर 'डकी' म्हणून माहीत असेल. इथे तो विशीतला आहे आणि भीती वाटावी इतका चांगला आहे. पीटर कुशिंग पाद्रीच्या कामात आहे.

जॉनीच आगी लावत असतो. आणि ट्रूमनला तो संशय येत असतानाही त्या घराबद्दल, त्या बहीणभावंडांबद्दल आपुलकी वाटायला लागलेली असते. हा सिनेमा मला सगळ्यात प्रामाणिक वाटला, कारण तो आपुलकीची किंमत दाखवतो. जॉनी पळून जाताना लाँड्रीची गाडी पळवतो आणि लाँड्रीत काम करणारा चिनी तरुण तिच्याखाली सापडून मरतो. मग जॉनी मशीनगन घेऊन शाळेतल्या एका वर्गाला ओलीस धरतो. (हो, १९५८ साली. मी पण दचकलो.) सिनेमाच्या शेवटी तुम्हाला जॉनीबद्दल वाईट वाटतं आणि त्याला बेड्या पडल्याच पाहिजेत असंही वाटतं. दोन्ही एकदम. आमच्या टेबलावर या दोन गोष्टी दोन वेगळ्या पक्षांकडे होत्या.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात वरचा, 'द यंग सॅव्हेजेस' (१९६१). पुन्हा फ्रँकनहायमर. मूळ कादंबरी इव्हान हंटरची, ज्याने 'ब्लॅकबोर्ड जंगल'ची कादंबरी लिहिली आणि पुढे हिचकॉकच्या 'द बर्ड्स'ची पटकथाही. एड मॅकबेन या नावाने पोलीस कादंबऱ्या लिहिणाराही तोच. त्याचं जन्माचं नाव साल्वातोर लोंबिनो, जन्म न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममधला. त्याने १९५२ साली कायदेशीररीत्या नाव बदललं. हे का सांगतोय ते पुढे कळेल.

सुरुवातीलाच इटालियन वस्तीतली तीन पोरं ताडताड चालत पोर्तोरिकन वस्तीत जातात आणि पायरीवर बसलेल्या एका मुलाला चाकूने भोसकतात. तो मुलगा आंधळा आहे. खून आपल्याला दिसतो तो त्याच्या काळ्या चष्म्याच्या काचेत. सरकारी वकील आहे हँक बेल (बर्ट लँकेस्टर), त्याच वस्तीतून वर आलेला. त्याच्या बापाने आडनाव बेलिनीचं बेल केलंय. तिघांतल्या एका आरोपीची आई त्याची जुनी प्रेयसी आहे. त्याच्या वरिष्ठाला निवडणूक लढवायचीय आणि त्यासाठी तिघांनाही फाशीच्या खुर्चीवर बसवणारा निकाल हवाय. पेपर ओरडतायत. थोडक्यात, आपल्या प्राइम टाइमला लागतं ते सगळं सामान तयार आहे.

आणि बेल काय करतो? कंटाळवाणं काम करतो. दारोदार जातो. मेलेल्या मुलाच्या घरी जातो, तिथे कळतं की तोही अगदी देवदूत नव्हता, टोळीची हत्यारं लपवायला मदत करायचा. म्हणून त्याचा खून कमी खून ठरतो का? नाही. सिनेमा तसं सुचवतही नाही. फक्त गोष्ट पूर्ण करतो. मध्ये सबवेमध्ये पोरं बेलला गाठून बेदम मारतात, आणि मार खाता खाता तो त्यातल्या एकाचा गळा इतका आवळतो की स्वतःच हादरतो. 'सॅव्हेज' कोण, हा प्रश्न तिथे विचारला जातो, एकही वाक्य न बोलता.

कोर्टात सगळं येऊन थांबतं ते चाकूंवर. तीन पोरं, तीन चाकू. सगळे म्हणतायत 'त्यांनी' मारलं. बेल विचारतो, कोणी? कोणत्या चाकूने? आणि निघतं असं, की तिघांतल्या एकाने, त्या जुन्या प्रेयसीच्या मुलाने, डॅनीने, वार केलाच नव्हता. टोळीसमोर भित्रा ठरायला नको म्हणून फक्त केल्यासारखं दाखवलं. दुसरा मतिमंद आहे, त्याला काय चाललंय याची धड समज नाही. तिसऱ्याने ठरवून, द्वेषाने मारलं. निकालही तीन लागतात. एकाला मोठी कैद, एकाची रवानगी मनोरुग्णालयात, डॅनीला सुधारगृहातली छोटी शिक्षा. डॅनी निर्दोष सुटत नाही, हे महत्त्वाचं. तो तिथे होता. त्याने थांबवलं नाही.

निकालानंतर मेलेल्या मुलाची आई बेलला विचारते, हा माझ्या मुलाला मिळालेला न्याय का? बेलकडे तिला समाधान वाटेल असं उत्तर नाही. सिनेमाकडेही नाही. आणि असल्याचं सोंगही तो आणत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. प्रॉडक्शनमध्ये काही पडलं की आमच्याकडे पहिली शिस्त अशी, की 'कोणाची चूक' हे विचारायच्या आधी 'नेमकं काय, कोणत्या क्रमाने झालं' हे लिहून काढायचं. ते न करता ज्याने शेवटचं बटण दाबलं त्याला धरलं, तर पुढच्या महिन्यात तेच पुन्हा होतं. बेल तेच करतोय. पण ही तुलना फार ताणायची नाही. सर्व्हर पडला तर कोणाचा मुलगा जात नाही, त्यामुळे आम्हाला 'दोष कोणालाच नाही' म्हणणं परवडतं. बेलला परवडत नाही. त्याला कारणही शोधायचंय आणि जबाबदारीही ठरवायचीय.

या सिनेमांत दोष भरपूर आहेत. बायका म्हणजे एक तर रडणाऱ्या आया नाही तर समजूतदार बहिणी. पोर्तोरिकन, चिनी माणसं गोष्टीच्या कडेला. लाँड्रीतला तो तरुण मरतो आणि सिनेमा पुढे धावतो, त्याच्या घरी कोणी जात नाही. भाषणं अंमळ जास्त. पण सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकात एक कोणी तरी मोठा माणूस आहे, वकील, समाजसेवक, सार्जंट, जो 'ही पोरं' असं बोलणं सोडून 'हा पोरगा' असं बोलायला शिकतो. कोणी सुरुवातीपासून शिकलेला नाही. शिकायला पूर्ण सिनेमा लागतो.

हे न शिकल्याने काय होतं याची दोन्ही बाजूंची उदाहरणं अमेरिकेनेच नंतर दिली. जेरल्ड गॉल्ट हा ॲरिझोनातला पंधरा वर्षांचा मुलगा. शेजारणीला फोनवर अश्लील बोलल्याचा आरोप. मोठ्या माणसाला यासाठी जास्तीत जास्त पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. गॉल्टला त्याच्या 'भल्यासाठी' एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारशाळेत धाडलं, म्हणजे सहा वर्षांपर्यंत. वकील नाही, तक्रारदार बाई कोर्टात आलीसुद्धा नाही. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं आणि सांगितलं की मुलांनाही वकिलाचा, साक्षीदाराला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. म्हणजे 'पोरगा आहे तो' म्हणणाऱ्यांची मायाही काय घडलं ते न तपासता अन्याय करू शकते.

उलट बाजूला, १९९५ मध्ये जॉन डिलुलिओ या प्राध्यापकाने 'सुपरप्रिडेटर' पोरांची लाट येणार असं भाकीत केलं. राज्याराज्यांत मुलांना मोठ्यांच्या कोर्टात पाठवणारे कायदे कडक झाले. लाट आली नाही. उलट मुलांचे हिंसक गुन्हे कमी होत गेले. डिलुलिओने नंतर चूक मान्य केली आणि २०१२ मधल्या एका खटल्यात मुलांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात मांडलेल्या निवेदनावर सहीसुद्धा केली. पण तोवर जी पोरं आत गेली ती गेली.

आता आपल्याकडे येतो, कारण वाद आपल्या कँटीनमध्ये सुरू झाला होता. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या बलात्कार आणि खुनातला एक आरोपी अठराला काही महिने कमी होता. त्याला कायद्याप्रमाणे तीन वर्षं सुधारगृह मिळालं आणि देश संतापला. मीही संतापलो होतो. त्यातून २०१५ चा बालन्याय कायदा आला. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असेल तर बाल न्याय मंडळाने आधी तपासायचं, की त्याची मानसिक-शारीरिक क्षमता काय, परिणाम कळण्याची समज किती, परिस्थिती काय. मग ठरवायचं, खटला मोठ्यांसारखा चालवायचा का. कायदा तुम्हाला आवडो न आवडो, ही पायरी म्हणजे बेलचा चाकूचा प्रश्न आहे. कोणता पोरगा? कोणता चाकू?

पण आपण ती पायरी गाळून थेट निकालावर येतो. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्शेखाली दोन इंजिनियर मेले, तुमच्या-माझ्यासारखे, शनिवारी रात्री घरी निघालेले. काही तासांत जामीन, आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध. सगळ्या शहराचं डोकं फिरलं ते बरोबरच होतं. पण आपली सगळी चर्चा त्या एका प्रश्नावर अडकली, की त्याला 'मोठा' धरा की 'लहान'. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली नंतर डॉक्टर आणि घरची मोठी माणसं अटक झाली. आरोप कोर्टात काय ठरायचे ते ठरतील. मला मात्र 'यंग स्ट्रेंजर'मधला तो बाप आठवत राहिला. वयाचा वाद घालताना आपण मोठ्यांकडे किती उशिरा बघितलं!

तर माझं मत, आमच्या टेबलावर मी बोललो नाही ते. सतरा वर्षांच्या मुलाला त्याने केलेल्या कृत्याची जबाबदारी घ्यायला लावलीच पाहिजे, डॅनीलासुद्धा लावली. पण सरसकट 'मोठ्यांसारखं आत टाका' याला माझा विरोध आहे, कारण त्यात तिन्ही चाकू एकाच डब्यात जातात. सरसकट 'पोरगा आहे' यालाही विरोध आहे, कारण त्यात लाँड्रीतला तो मुलगा पुन्हा एकदा मरतो. एकेका पोराकडे वेगळं बघायला वेळ लागतो, माणसं लागतात, पैसे लागतात. बाल न्याय मंडळं, प्रोबेशन अधिकारी, निरीक्षणगृहं. आपला राग त्या कामाच्या मागे उभा राहिला तर त्याचा उपयोग आहे.

असो. भाषण झालं, मी पण पन्नासच्या दशकातलाच निघालो. :) बघायचेच असतील तर 'द यंग सॅव्हेजेस'पासून सुरुवात करा, मग 'व्हायोलंट प्लेग्राउंड', आणि 'द यंग स्ट्रेंजर' रविवारी दुपारी, शक्य असेल तर वडिलांबरोबर. माझे बाबा शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "तू नववीत असताना शाळेतून चिठ्ठी आली होती बघ, काच फोडल्याची. तेव्हा मी तुला विचारलंच नव्हतं, नाही का?"

काच मीच फोडली होती. पण त्यांनी विचारलं, म्हणून मग सांगितलं.